साक्षीचा अबीर

जुन्नरच्या बाजारात वली अत्ताराचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे. नाक उघडं ठेवून चालत राहायचं, पाय आपोआप तिथं थांबत. दुकान म्हणजे तरी काय, दहा फुटांची ओसरी, मागं घर आणि मध्ये एक निळा पडदा. पडद्याच्या अलीकडं वलीभाई गादीवर बसत आणि पलीकडं त्यांची बायको जैबुन्निसा काहीतरी कुटत, दळत, चाळत असे. कुंकू, बुक्का, सुरमा, दंतमंजन, अत्तराचे फाये. आणे पठारावरचा माणूस असो की पेठ गावचा, लग्नाचा बस्ता बांधला की अत्ताराच्या पुड्या घेतल्याशिवाय गाडी जुंपत नसे.

आणि वलीभाईंचं नाक! त्या नाकाच्या गोष्टी दोन तालुक्यांत. चंदनात देवदाराचा भुसा मिसळला असेल तर ते पुडी न सोडता सांगत. एकदा एक गिऱ्हाईक रॉकेलचा डबा उचलून आलं, तर पायरीवरच त्याला म्हणाले, "आधी हात धुवून या पावणं, मग बोलू." खरंखोटं अल्ला जाणे, पण लोक शपथेवर सांगत.

ते नाक गेलं होतं. वर्ष होत आलं होतं, आणि ही गोष्ट फक्त जैबुनला ठाऊक होती. म्हणजे वलीभाईंना ठाऊक होतीच की! पण जैबुनला ती ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. असा सगळा घोळ.

मागल्या पावसाळ्यात त्यांना तापानं धरलं. एकवीस दिवस अंथरुणाला खिळून होते. ताप उतरला, भूक आली, दाढीला पुन्हा मेंदी लागली. नाक काही परत आलं नाही. जैबुनला कळलं ते मिलादच्या ईदेला. खिरीचं दूध तळाला लागलं, करपट वासानं शेजारची बाईसुद्धा डोकावून गेली, आणि हे गृहस्थ वाटी चाटूनपुसून म्हणतात, "वा, आज हात लागलाय तुझा!" जैबुनला हसू नाही आलं.

ती बोलली नाही. काय बोलणार? अत्ताराचं नाक गेलं म्हणजे धंदाच गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय हा माणूस स्वतः तिच्यापाशी बोलला नव्हता. जन्माचा जोडीदार आपल्यापासून काही लपवतो आणि तेही इतक्या केविलवाण्या तऱ्हेनं, बाटली नाकाशी धरून, डोळे मिटून, मान डोलावून. तिला त्याचा रागही येई आणि कीवही येई.

मग तिनं एक रीत पाडली. दुपारच्या नमाजाला वलीभाई मशिदीत गेले की ती पडदा सारून बाहेर यायची, बरण्या उघडायची आणि त्यांनी सकाळी घातलेला घोळ निस्तरायची. नागरमोथा जास्त पडलाय, वाळा घाल. लवंग भसाभसा ओतलीय, चंदनानं उतरव. ते परत यायच्या आत झाकणं लागलेली. गंमत बघा, त्या वर्षी मालाची वाहवा झाली. पेठची लंकाबाई, जिला कधी कशाचं कौतुक म्हणून नाही, ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "वलीभाऊ, यंदाचा बुक्का तुमच्या बापाच्या वरताण हाय, राव!" वलीभाईंनी छातीला हात लावून मान झुकवली. पडद्यामागं जैबुनच्या हातातला बत्ता थांबला. तिला बरं वाटलं आणि आत कुठंतरी झोंबलंही.

असं करत करत श्रावण आला, आणि श्रावण म्हणजे साक्षीचा अबीर.

हा अबीर कुठं विकत मिळत नसे. आंबेगावच्या पश्चिम डोंगरात धारेचा महादेव म्हणून एक जुनं ठाणं. तिथं तिसऱ्या श्रावणी सोमवारी पिंडीवर जी पांढरी सुगंधी पूड चढते, ती जुन्नरच्या या अत्ताराच्या घरची. सात पिढ्यांचा मान. चंदन, वाळा, गव्हला, कापूरकाचरी कुटून पीठ करायचं, मग परातीत थरावर थर, पुडीचा एक, फुलांचा एक. जाई, सोनचाफा, बकुळ. फुलं रोज बदलायची, चौदा दिवस. शेवटी पूड अशी होई की चिमूट गालाला लावली तर लावली असं वाटू नये, पण दिवसभर माणूस मागं वळून बघत राहील. सगळी फुलं त्यात चालत, एक केतकी सोडून. केतकी म्हणजे आपला केवडा.

का, ते डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. ब्रह्मा-विष्णूत भांडण लागलं, थोर कोण. महादेव दोघांमध्ये अग्नीचा खांब होऊन उभा राहिला. म्हणाला, टोक शोधा. विष्णू खाली गेला, हात हलवत परत आला आणि तसं कबूल केलं. ब्रह्मा वर गेला. त्यालाही टोक सापडेना. पण वरून केतकीचं फूल खाली पडत येताना दिसलं. तो तिला म्हणाला, "मी टोक पाह्यलं म्हणून सांग." बाई भुलली. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून साक्ष दिली. महादेव म्हणाला, एवढी सुंदर आणि एवढी लबाड! आजपासून माझ्या पिंडीवर तुला जागा नाही.

म्हणून अबीर देवळात जाण्याआधी पायरीवर साक्ष होई. अत्तारानं ताट घेऊन खालच्या पायरीवर उभं राहायचं, गुरवानं वरून तीनदा विचारायचं, "केतकी हाय का?" आणि अत्तारानं तीनदा सांगायचं, "न्हाई." तिसऱ्या 'न्हाई'ला घंटा वाजे आणि ताट आत जाई. घर मुसलमानाचं, देव महादेव. पण सात पिढ्यांत कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. देव त्यांचा होता, पण शब्द अत्ताराचा होता ना!

त्या शब्दापायी घरात कडक पाळणूक असे. नेमका श्रावणातच कोकणातून नाणेघाट चढून केवडा येई. कातकरणी पाट्या घेऊन दारात ओरडत; पण अबीर घराबाहेर पडेस्तोवर केवड्याचं पातं उंबऱ्याच्या आत येत नसे. गौरीगणपतीची गिऱ्हाइकं अडून बसली तरी नाही. जैबुन या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूनं कलम्यानंतर दुसरी गोष्ट शिकवली असेल तर ती हीच.

आणि तरी केवडा आला. कुठून, तर तिच्याच पेटीतून.

अबीर गाळायचं मलमलचं फडकं नेमकं शेवटच्या दिवशी फाटलं. बाहेर धो धो पाऊस, दुकानं बंद. जैबुननं पेटी उघडली आणि लग्नातली मलमलची ओढणी काढली. घडीत मागल्या भादव्यातलं केवड्याचं पान होतं, वाळून खडखडीत झालेलं. बायका ठेवतातच पेटीत, कापडाला वास राहावा म्हणून. पेटीतल्या केवड्याला केवडा कोण म्हणतं? तो कपड्याचाच एक भाग होऊन जातो. तिनं पान चुलीत टाकलं, ओढणी दोनदा झटकली, हुंगून पाहिली. काही वास नाही. कसा येणार? चार दिवस पडशानं तिचं नाक चोंदलं होतं! केवड्याची पांढरी बुकणी ओढणीच्या विणीत भरलेली, आणि अबीरही पांढराच. तो त्यातून सरसर गाळून निघाला. घरात दोन नाकं, एक गेलेलं आणि एक बंद. वलीभाईंनी चिमूट घेतली, डोळे मिटले, म्हणाले, "चोख."

नव्या पैशाची नाणी निघाली ते साल. घोडेगावापर्यंत एसटी, पुढं गाडीवाट, आणि शेवटचा चढ पायी. रविवारी संध्याकाळी दोघं धारेच्या खालच्या वाडीत पोचले, सोमवारी उजाडता वर गेले. धुकं इतकं की देवळाचा कळस दिसेना. डोंगरातली माणसं पानांची इरली घेऊन आली होती, भाताची लावणी उरकून, चिखलानं फुटलेल्या पायांनी. जैबुननं ताडपत्रीखाली काळे मणी आणि कुंकवाच्या पुड्या मांडल्या. मग अबिराचं गाठोडं सोडून पूड पितळी ताटात ओतली.

रात्रीतून तिचं पडसं फुटलं होतं. गार हवेत नाक मोकळं झालेलं. पूड ताटात पडली, जरा उधळली, आणि तिला सगळं कळलं. आधी जाई, मग चाफा, मग चंदन, आणि त्या सगळ्यांच्या मागं, दाराआड उभ्या असलेल्या बाईसारखा, केवडा.

ओढणी! तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "जरा वास घेऊन बघा बरं पुन्हा."

वलीभाईंनी ताट नाकाशी नेलं. "चोख हाय."

"नीट घ्या. मला त्यात..."

"जैबुन," त्यांचा आवाज चढला, "चाळीस वर्षं हेच करतोय मी. आता तू मला शिकवणार?" आणि त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. ती नजर तिला ओळखीची होती. वर्षभर ते बरणी हुंगताना अशीच वळवत. आजूबाजूला दहा बायका मणी चाळत बसलेल्या. यांच्यासमोर नवऱ्याला काय सांगायचं? की तुमचं नाक मेलंय आणि मला ठाऊक आहे? तेवढ्यात ढोल वाजला आणि वलीभाई ताट घेऊन निघाले.

दोघं एवढंच घरात बोलले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. (घरात ती दोघं दखनीत बोलत, पण तुम्हा-आम्हाला कळावं म्हणून मी मराठीत सांगतोय.) पण नाही. एकमेकांची मनं सांभाळण्यात वर्ष गेलं आणि आता माणूस पायरीवर उभा.

भिमाजी गुरव वरच्या पायरीवर आला. तोही पिकलेला, आणि तपकीर ओढून ओढून त्याचं नाक केव्हाच निकामी झालेलं. ताटात शेण ठेवलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. धूप पेटलेला, ओल्या घोंगड्यांचा वास, धुकं. कुणाला म्हणून काही कळणार नव्हतं. जैबुन गर्दीत घुसून पुढं आली आणि स्वतःला म्हणाली, गप्प राहा. वर्षातून एकदाची गोष्ट आहे. एक शब्द, एक घंटा, आणि झालं.

"केतकी हाय का?"

"न्हाई," वलीभाई म्हणाले. ठाम, मोकळ्या गळ्यानं.

तिला वाटलं, देवाला फसवतोय का आपण? पण देवाचं सोडा, तो बघून घेईल. हा माणूस आयुष्यात खोटं तोललेला नाही, खोटं बोललेला नाही. एक नाकाची लपवाछपवी सोडली तर ह्याच्या नावाला डाग नाही. आणि आज मी गप्प राहून ह्याच्या तोंडून खोटी साक्ष वदवतेय.

"केतकी हाय का?"

"न्हाई."

"केतकी..."

"हाय!" जैबुन ओरडली. "थांबा, भाऊ! केवडा हाय त्यात!"

ढोल थांबला. शेकडो माथी वळली. कुणी तरी म्हणालं, "कोण बाई ती?" कुणी म्हणालं, "अत्ताराचीच." वलीभाई ताट धरून तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग भीती.

"वयनी, तुमी जरा थांबा," भिमाजी नरमाईनं म्हणाला. "वलीभाऊ, बायामाणसाला भास व्हतो. नाक तुमचं हाय. तुमी वास घ्या अन् सांगा. तुमी म्हनाल ते खरं."

वलीभाईंनी ताट नाकाशी नेलं. बराच वेळ धरून ठेवलं. जैबुनला त्यांचे खांदे वर-खाली होताना दिसले. 'नाही' म्हणाले तर ती वेडी ठरणार होती आणि अबीर आत जाणार होता. आणि 'आहे' म्हणाले तर सगळंच निभावत होतं. चूक बायकोची, पकडली वलीभाईंच्या नाकानं, नावही राहिलं, गुपितही राहिलं. आहे म्हणा, ती मनात घोकत होती. तुमच्या पाया पडते, आहे म्हणा.

त्यांनी ताट खाली केलं.

"मला न्हाई कळत, भिमाजीभाऊ."

"म्हंजे?"

"मला वास येत न्हाई. कसलाच. मागल्या तापापासनं नाक गेलंय माझं." त्यांनी ताट पायरीवर ठेवलं. "आत्ता दोनदा न्हाई म्हणालो, ते ठाऊक नसताना म्हणालो. आता हाय म्हणालो तर तेबी ठाऊक नसतानाच. ही म्हणती हाय, तर हाय. माझी साक्ष धरू नका."

जैबुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हा मूर्ख माणूस! एवढी सोपी वाट होती. आणि त्याच वेळी तिला त्याचा असा अभिमान वाटला की तिथल्या तिथं त्याचे पाय धरावेत.

गर्दीत कुजबूज उठली. सात पिढ्यांचा मान, गेला की काय! भिमाजीची म्हातारी आई कोंडाबाई दीपमाळेला टेकून बसली होती. ती म्हणाली, "काय तोंडं बघताय? मानूस खरं बोललाय. देवाला भस्म लावा, आटपा, पोरं उपाशी हायती." आणि तसंच झालं. पिंडीला भस्म लागलं, घंटा वाजली. ताट खालच्या पायरीवर राहिलं; पावसाच्या सरीनं पुडीचा लगदा झाला आणि पांढरा ओघळ दगडावरून वाहत गेला. वलीभाई ते वाहून जाईपर्यंत बघत उभे होते.

दुपारी दोघांनी ताडपत्रीचं पाल गुंडाळलं आणि उतरणीला लागले. वलीभाई पुढं, जैबुन मागं. अर्धी उतरण झाली. ओढ्यापाशी ते दगडावर टेकले.

"तुला कधीपासनं ठाऊक व्हतं?"

"मिलादच्या खिरीपासनं."

"करपली व्हती?"

"काळी पडली व्हती."

त्यांना हसू आलं. आलं आणि लगेच गेलं. ते विचार करू लागले. अत्ताराचं डोकं ते, हिशोब मांडायला वेळ लागत नाही. "मग वर्षभर माझं मिश्रण बिघडत आसंल."

जैबुननं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली.

"जैबुन, बिघडत आसंल का न्हाई?"

"व्हय."

"मग लोकांनी तक्रार कशी केली न्हाई?"

तिनं ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवले. "तुमी नमाजाला गेलात की मी सारखं करत व्हते."

"रोज?"

"रोज."

वलीभाई तिच्याकडं बघत राहिले. तिला वाटलं आता ते चिडतील. पाठीमागून बरण्या उघडल्या म्हणजे चोरीच की ती. पण त्यांचा चेहराच उतरला. वर शेकडो माणसांसमोर उतरला नव्हता तेवढा इथं एका बाईसमोर उतरला.

"म्हंजे ती पेठची लंकाबाई बोलली," ते सावकाश म्हणाले, "बापाच्या वरताण. मी मान झुकवून घेतली ती शाबासकी. मला वाटलं, नाक गेलं तरी हात ऱ्हायलाय माझा. रोज रातीला तेवढ्यावर झोप लागायची मला."

"हात तुमचाच हाय," जैबुन घाईनं म्हणाली. "मी आपलं जरा इकडचं तिकडं..."

"आता तू खोटी साक्ष देऊ नकोस."

ओढा वाहत होता. वलीभाई उठले, धोतराचा चिखल झटकला आणि वर बघितलं. धुक्यात देऊळ दिसत नव्हतं. भजनाचे टाळ तेवढे ऐकू येत होते.

"मग मी वर अर्धंच बोललो," ते म्हणाले. "नाक गेलं एवढंच सांगितलं. वर्षभर माल कुणाचा व्हता ते न्हाई सांगितलं. अजून हायती माणसं वर. उपास सोडायला थांबलीत."

"अहो, कुणी विचारलंय का? गाडी चुकंल."

"कुणी विचारलं न्हाई म्हणूनच तर वर्ष निघालं."

आणि ते चढायला लागलेसुद्धा. साठीचा माणूस, सकाळी एकदा नाक कापून घेतलेला, तोच चढ पुन्हा चढत होता, घसरत, करवंदीच्या फांद्या धरत. जैबुननं दोन हाका मारल्या. तिसरी तिनं मारली नाही. त्यांना अडवायला हवं, हे तिला कळत होतं. पण वर जाऊन ते तिचं नाव घेतील, लोक ते ऐकतील, हे तिला हवं होतं, मनापासून हवं होतं. पन्नाशीच्या बाईला असली हाव, म्हणून तिची तिलाच लाज वाटली. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग चढू लागली.